तेल-पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये प्रेशर ड्रॉप जुळला, तर मॉडेल बरोबर मानावे का?

आपण विचारले आहे की 50 मिलिमीटर व्यासाच्या आडव्या पाईपमधील तेल-पाण्याच्या प्रवाहाचे व्हीओएफ पद्धतीने (म्हणजे प्रत्येक पेशीत कोणता द्रव किती आहे यावरून दोन द्रवांमधील सीमा दाखवणाऱ्या पद्धतीने) केलेले सिम्युलेशन मोजलेल्या प्रेशर ड्रॉपशी, म्हणजे पाईपच्या लांबीत होणाऱ्या दाबाच्या घटीशी, जुळत आहे, तेव्हा ते ग्राह्य धरावे की मेश, म्हणजे गणनेसाठी पाईपचे पाडलेल्या छोट्या पेशींचे जाळे, आणखी बारीक करावा. केवळ प्रेशर ड्रॉप जुळला म्हणून ते मुळीच ग्राह्य धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच मुद्द्यावर माझा आमच्या प्रकल्पप्रमुख सरांशी मोठा वाद झाला होता आणि त्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. आमच्या चाचणी-लूपचा निरीक्षणाचा भाग ॲक्रिलिकचा असल्यामुळे आतील प्रवाह डोळ्यांनी दिसत असे. वेग कमी असताना खाली पाणी, वर तेल आणि मधोमध स्वच्छ इंटरफेस (दोन द्रवांमधील सीमा) असे. पंपाचा वेग वाढवला की त्या इंटरफेसवर आधी लांब लाटा उठत, मग लाटांच्या माथ्यावरून थेंब सुटू लागत आणि पुढे दोन्ही द्रवांच्या मध्ये थेंबांचा दुधट पट्टा तयार होई. तळाशी मात्र पाण्याचा थर टिकून राही. त्याच वेगाला सिम्युलेशनमध्ये इंटरफेस किंचित लाटदार, पण अखंड दिसत होता. प्रेशर ड्रॉप कमी येत होता, म्हणून सरांनी भिंतीचा खडबडीतपणा वाढवत नेला आणि आकडा जुळताच मॉडेल प्रमाणित झाल्याचे जाहीर केले. गुळगुळीत ॲक्रिलिकच्या पाईपला खडबडीत ठरवावे लागते, तेव्हाच काहीतरी निसटले आहे हे उघड असते. प्रत्यक्षात तेलात शिरलेल्या थेंबांमुळे मिश्रणाची परिणामी श्यानता (घट्टपणा) वाढली होती आणि तो वाढीव रोध भिंतीच्या नावावर खपवला जात होता.

मी झटकन बंद होणारे व्हॉल्व्ह वापरून पाईपचा एक भाग कोंडला, त्यातील द्रव मोजपात्रात काढला आणि थर वेगळे होऊ दिले. पाण्याचा वाटा सिम्युलेशनपेक्षा ठळकपणे जास्त निघाला. कारण सरळ आहे: सिम्युलेशनमधले पाणी स्वतंत्र थर म्हणून जाड तेलाच्या पुढे धावत होते, तर खऱ्या पाईपमध्ये त्यातला बराच भाग थेंबांच्या रूपाने तेलाच्याच वेगाने सरकत होता. मिश्रण पूर्णपणे वेगळे होत नाही, म्हणून हे मोजमाप विश्वसनीय नाही, असा आक्षेप सरांनी घेतला. परंतु जे मिश्रण पात्रात तासन्‌तास पूर्णपणे वेगळे होत नाही, ते पाईपमध्ये दोन अखंड थर करून वाहत होते असे म्हणता येईल का? या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. अहवालात मात्र तेच चित्र छापले गेले. पोलादी पाईपच्या तळाशी पाणी साचून गंज कुठे धरेल, हे ठरवण्यासाठीच असा अभ्यास केला जातो आणि त्यासाठी प्रेशर ड्रॉप नव्हे, तर पाण्याचे स्थान निर्णायक असते.

आता मेशविषयी. पेशी 1 मिलिमीटरची असेल, तर व्हीओएफला साधारण 5 ते 10 मिलिमीटरपेक्षा लहान थेंब नीट दाखवता येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या थेंबासाठी पेशी 20 पट बारीक करावी लागेल, म्हणजे पेशींची संख्या 8,000 पट आणि कालपायरीही (गणनेतील वेळेचा एक टप्पा) त्याच प्रमाणात घटवल्यास गणनेचा खर्च सुमारे 1,60,000 पट होईल. आंतरपृष्ठीय ताणामुळे कालपायरीवर येणारी मर्यादा याहूनही कडक असते. म्हणून मेश बारीक करत बसण्यापेक्षा आपला वेग कोणत्या प्रवाहरचनेत (थर, थेंब अशा द्रवांच्या मांडणीत) मोडतो ते आधी पाहावे. ट्रालेरो यांनी आडव्या पाईपसाठी 1995 मध्ये मांडलेले सहा प्रकार त्यासाठी पुरेसे आहेत. थेंब तयार होत असतील, तर युलेरियन मॉडेल (दोन्ही द्रव एकमेकांत मिसळलेले मानून प्रत्येकाची समीकरणे वेगळी सोडवणारे) घ्यावे, थेंबांच्या कमाल आकाराचा पहिला अंदाज हिंझे यांच्या 1955 च्या सूत्रावरून करावा आणि होल्डअप, म्हणजे पाईपमध्ये प्रत्यक्ष असलेला पाण्याचा वाटा, स्वतंत्रपणे मोजून मगच मॉडेलवर विश्वास ठेवावा. होल्डअप न मोजता कोणी मॉडेल प्रमाणित झाल्याचे सांगत असेल, तर ती व्यक्ती पदाने कितीही मोठी असली तरी ते मान्य करू नये.

हे सर्व व्हीओएफच्या विरोधात आहे असे मात्र समजू नये. कमी वेगाचा स्तरित प्रवाह, किंवा जाड तेलाभोवती पाण्याचे वलय असलेला प्रवाह, यांत इंटरफेस एकसंध राहतो आणि तिथे ही पद्धत उत्तम चालते. आपला वेग तेवढा कमी असेल, तर आपले सिम्युलेशन योग्यही असू शकेल. ॲक्रिलिकवर जुळवलेले मॉडेल पोलादी पाईपला जसेच्या तसे लावू नये, कारण भिंतीला तेल चिकटते की पाणी, यावरही प्रेशर ड्रॉप बदलतो. आणि पाण्याचे प्रमाण फेज इन्व्हर्जनच्या, म्हणजे तेलातील पाण्याच्या थेंबांऐवजी पाण्यात तेलाचे थेंब होण्याच्या बिंदूच्या, जवळ असेल, तर परिणामी श्यानता एकाएकी वाढते. ती कोणत्या प्रमाणाला वाढते हे आपल्याच तेलाचा नमुना घेऊन मोजावे लागेल.