फोनमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि तुमचं आवडतं अ‍ॅप कोणतं?

ही दोन्ही एकच असतील असं तुम्ही धरलंय, पण माझ्या फोनमध्ये ती वेगळी आहेत.

वापरात पहिला नंबर अर्थात व्हॉट्सअ‍ॅपचा. द्राक्षवाल्यांचे तीन ग्रुप, भावकीचा एक, पोराच्या शाळेचा एक. तासगावच्या सौद्यातले बेदाण्याचे दर तिथं लगेच कळतात म्हणून उघडायचं, आणि दरांबरोबर चाळीस जणांचं गुड मॉर्निंग सोसायचं. पावसाळ्यात मात्र सांगलीचे मेहुणे त्यावर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी टाकत राहतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं पाणी बघितलेली माणसं ती, चाळीसलाच सामान माळ्यावर चढवतात.

आवडतं म्हणाल तर विंडी, हवामानाचं अ‍ॅप.

मी तासगाव तालुक्यात द्राक्षं करतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की आमच्याकडं तारीख कुणी विचारत नाही, 'प्लॉट कितव्या दिवसाला आहे' असं विचारतात, दिवस छाटणीपासून मोजायचे. पोंग्यापासून, म्हणजे डोळे फुटल्यापासून, फुलोरा संपेपर्यंत पाऊस आला आणि पानं ओली राहिली की डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलीच. फुलोऱ्यात तर घड कुजतात, गळतात. औषध पावसाच्या आधी बसायला पाहिजे, पण मारल्या मारल्या सर आली तर औषध आणि डिझेल दोन्ही मातीत. एका वर्षी दुसऱ्याच कुठल्या अ‍ॅपवर हसऱ्या सूर्याचं चित्र बघून मी फवारणीचा ब्लोअर बाहेर काढला. चार ओळी राहिल्या होत्या, तेवढ्यात धो धो आला. वडील बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत, आभाळाकडं बघितलं आणि घरात गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सूर्याच्या चित्रात गोम अशी की अंदाज किती पक्का आहे ते त्यात कळत नाही. विंडीत एकाच जागेसाठी अंदाज काढणारी दोन मॉडेलं, युरोपचं आणि अमेरिकेचं जीएफएस, दोन्ही बघता येतात. दोघं एकच सांगत असतील तर मी निर्धास्त. दोघांचं जुळत नसेल तर पाऊस येणार असं धरूनच चालतो. तरी एक ध्यानात ठेवा, युरोपच्या मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची आणि जीएफएसची तिथं २२ ची, आणि एका चौकटीला अंदाज एकच. एका गावात कोसळला आणि शेजारच्या गावात धुरळा उडाला, हे त्यात दिसणार नाही. आणि पहाटे उठल्या उठल्या उघडण्यात फारसा अर्थ नाही. युरोपचा सकाळचा नवा अंदाज आपल्याकडं दुपारी हातात येतो, म्हणून मी जेवण झाल्यावर बघतो. वाऱ्याचा वेगही तिथंच बघायचा, नाहीतर आपलं औषध शेजाऱ्याच्या उसात. हे अ‍ॅप काढणारा झेक माणूस, त्याला पतंगाच्या जोरावर पाण्यावर घसरायचा नाद, म्हणून त्याला वारा बघायचा होता. आम्ही त्यात डाऊनी बघतो!

वळवाच्या दिवसांत दामिनी चालू ठेवतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं अ‍ॅप आहे, आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर इशारा देतं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला बागेत बायामाणसं असतात आणि मांडव सगळा लोखंडी तारांचा. इशारा वाजला की काम बंद, सगळी घरात. कुणी 'एवढी ओळ संपवून येतो' म्हटलं तरी ऐकत नाही.

ई-पीक पाहणी हंगामातून एकदा. बागेत उभं राहून फोटो काढायचा, पिकाची नोंद सातबाऱ्याला लागते. २०२१ पासून हे आपलं आपणच करायचं आहे.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळा दाबलं जातं ते बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं बटण. मोटरला लाईट रात्रीची असली की विहिरीवर जाताना तेच लागतं. पण त्याला अ‍ॅप म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

आज प्लॉट बत्तिसाव्या दिवसाला आहे. युरोप म्हणतंय गुरुवारी संध्याकाळी ४ मिलिमीटर, जीएफएस म्हणतंय कोरडं. टाकी भरून ठेवलीय.