पान २१२ वरचा माणूस

प्रिय अस्वस्थ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

थोडक्यात तुझं म्हणणं असं. लग्नाला अकरा वर्षं झालेली तू, एका कादंबरीचा दोन रात्रींत फडशा पाडलास. प्रेमकथाही आणि रहस्यकथाही. नायक नायिकेच्या खिडकीखाली उभा राहतो, तिच्या नकळत तिचा फोन चाळतो, पहिल्या बायकोचं काय झालं हे चारशे पानं सांगत नाही. तरीही ती त्याला सोडून निघाली तेव्हा 'मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं परत फिर!' पुस्तक मिटलं, शेजारी नवरा घोरत होता, आणि तो तुला एकदम पाणचट वाटला. दुसऱ्या दिवशी त्याने सहज पुस्तक उचललं, 'एवढं काय आहे यात?' म्हणाला, तर तू ते हिसकावून घेतलंस. आता विचारतेस, माझ्यात काही बिघाड आहे का, आणि हे त्याला सांगू का.

बिघाडाचं आधी संपवू. १९३८ साली आलेली 'रिबेका' ही डाफ्ने द्यु मोरिएची कादंबरी घे. (रहस्य फोडतेय, पण ऐंशीहून जास्त वर्षं झाली, आता माफ असावं.) त्यात नवरा बायकोला सांगतो की पहिलीला मी गोळी घातली. आणि हे ऐकून या बाईच्या मनात काय येतं? म्हणजे याचं तिच्यावर प्रेम नव्हतं तर! तिचा जीव भांड्यात पडतो, आणि वाचणाऱ्यांचाही. दोन वर्षांनी हिचकॉकने सिनेमा काढला तेव्हा मात्र तो मृत्यू अपघाती दाखवावा लागला, कारण खून करून नवरा मोकळा सुटलेला तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांत बसत नव्हता. नियमवाल्यांना जे पचलं नसतं ते वाचक पिढ्यान्‌पिढ्या पचवत आलेत. तेव्हा तू या रांगेत बरीच मागे उभी आहेस.

छातीत धडधडतंय ते भीतीने की ओढीने, हे आपल्याला दरवेळी कळतंच असं नाही. १९७४ मध्ये डटन आणि एरन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. कॅनडातला कॅपिलानोचा झुलता पूल, खाली सुमारे २३० फूट खोल दरी. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर तिला फोन केला. जवळच्याच भक्कम, बुटक्या पुलावर १६ पैकी दोघांनीच. माणसं थोडी होती, त्यावर इमले बांधू नयेत. पण रात्री दोन वाजता, घर चिडीचूप असताना, दाराची कडी वाजते आणि दारात 'तो' उभा असतो, अशा पानावर तू त्या झुलत्या पुलावरच असतेस. फरक एवढाच की तुला पुस्तक मिटता येतं. नायिकेला ती सोय नाही.

इथवर सगळं ठीक. माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

चार पानी पत्रात फोन चाळण्याला तू अर्धी ओळ दिलीस, खिडकीखाली उभं राहण्याला एक. आणि पान २१२ ला दीड पान! समारंभात कुणीतरी तिला विचारतं, 'बरी आहेस ना?' ती हसून 'हो' म्हणते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला तो बघतो की तिचा हात डाव्या कानातल्याकडे गेला. खोटं बोलताना ती कानातलं चाचपते. तो येतो, 'चल, निघूया' म्हणतो, बाकी काही विचारत नाही. हे सगळं तू हातातल्या पेनाचा रंग बदलून लिहिलंयस, लक्षात आलं का तुझ्या? आणि त्याच्या लगेच खाली: 'मी केस कापले, ह्याला आठ दिवसांनी कळलं.'

अगं, तुला धोका नकोच आहे. तुला कुणीतरी बघायला हवंय.

या कादंबऱ्यांची गोम अशी की नायकाला टक लावून बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. 'हा प्रेम करतो का?' आणि 'हा खुनी आहे का?' हे दोन्ही प्रश्न एकाच माणसावर टांगलेले असतात, त्यामुळे त्याची नजर दोन्हीकडे कामाला येते. चारशे पानांत त्याने एकदा तरी गळका नळ दुरुस्त केला का? आणि कानातलं टिपणारी नजर आणि फोन चाळणारी नजर एकच, हेही विसरू नकोस. पुस्तकाबाहेर कुणी असा पाळत ठेवायला लागला, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, जवळच्या माणसाला त्याच दिवशी सांग.

नवऱ्यावर मात्र या पुस्तकाने सरळसरळ अन्याय केलाय. रहस्यकथेत गुन्हेगार असा लागतो की ज्याच्याबद्दल मनात शंकेची पाल चुकचुकलेली नसते. म्हणजे कोण? वेळेवर येणारा, मदत करणारा, आवाज न चढवणारा. तुझ्या कादंबरीतही तो वकील मित्रच निघाला ना? असली दहा पुस्तकं वाचली की साधा माणूस एकतर कंटाळवाणा वाटतो नाहीतर संशयित. तुझा नवरा बिचारा घोरून दोन्हीकडे अडकला.

त्याला सांगायचं का? 'तुझ्यापेक्षा तो बरा' हे नको. पुस्तक मात्र दे. सगळं नको, तिसाव्या पानाला झोपेल. पान २१२ उघडून दे आणि वाचून झाल्यावर विचार, 'मी खोटं बोलताना काय करते?' कदाचित त्याला काहीच सांगता येणार नाही, मग केसांचं बोल, स्पष्ट बोल, आठ दिवस मला वाईट वाटत होतं म्हण. कदाचित पटकन सांगेल आणि तूच गप्प बसशील. अकरा वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरंच माहीत असतं, फक्त ते कुणी दीड पानात लिहून काढलेलं नसतं. आणि जाता जाता, त्याने शेवटचे केस कधी कापले, सांग बरं?

ताजा कलममध्ये विचारलंयस, 'दुसरा भाग आलाय, वाचू का?' खुशाल वाच. फक्त उजाडेपर्यंत जागू नकोस. तुझ्या पत्रातला निम्मा कडवटपणा मला जागरणाचाच वाटतोय. आणि या वेळी पहिल्याच प्रकरणात जो भला माणूस भेटेल, त्याच्यावर डोळा ठेव.

तुझी,
ताई