‘पाटल्या दे, तीन महिन्यांत वसूल करतो’

*मावशी, आम्ही धायरीला राहतो. नवरा हिंजवडीत आयटीत आहे. दीड वर्षापासून तो घरून काम करता करता शेअर बाजारात इंट्राडे करतो, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकतो. साडेचार लाख गेलेत, त्यातले दोन लाख पर्सनल लोनचे. आता म्हणतो, तुझ्या पाटल्यांवर गोल्ड लोन काढू, तीन महिन्यांत सगळं वसूल करतो. नाही म्हटलं की ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही’ म्हणून अबोला धरतो. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. काय करू?*

अगं, पाटल्या देऊ नकोस. स्त्रीधन कायद्यानेही तुझंच आहे.

तुझा नवरा खोटारडा आहे असं मला वाटत नाही. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 चा हिशेब मांडला, तेव्हा शेअरच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहातले सात जण तोट्यात निघाले. तिशीच्या आतले तर शंभरात 76. ही सगळी माणसं काय अडाणी होती? त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: तोट्यातले लोक नफ्यातल्यांपेक्षा जास्त सौदे करतात. ‘वसूल करतो’ म्हणणारा माणूस नेमकं तेच करतो.

त्यात ब्रोकर इंट्राडेला पाचपटीपर्यंत मार्जिन देतो, म्हणजे खिशातल्या पैशांच्या पाचपट सौदा करू देतो. लाखभर टाकून पाच लाखांचे शेअर घेतले आणि भाव दोन टक्के पडला, तर दहा हजार गेले. ‘थांबू, उद्या वर येईल’ म्हणायची सोय नाही, कारण सौदा त्याच दिवशी कापावा लागतो. ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), जीएसटी तोट्याच्या दिवशीही द्यायचेच. आता त्यावर गोल्ड लोनचं व्याज चढवायचं म्हणतोय! आणि इंट्राडेचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजाही होत नाही.

विश्वासाचं म्हणशील, तर त्याला सांग, ब्रोकरच्या ॲपमधून दोन्ही आर्थिक वर्षांचं टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब काढ, रविवारी दोघं बसून बघू. नफ्याच्या दिवसांचे स्क्रीनशॉट नकोत, अख्ख्या वर्षाची बेरीज हवी. कागद दाखवायला तो कां-कूं करायला लागला, तर साडेचार लाखांचा आकडाही खरा धरू नकोस.

मला खरी काळजी नोकरीची वाटते. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे त्याच्या कामाचेच तास. तुमच्या घरात खात्रीने पैसे आणणारी ती एकच गोष्ट आहे, आणि तो तीच पणाला लावून बसलाय. आधी ट्रेडिंग बंद, मग बोनस येईल तो पर्सनल लोनला.

सासूबाईंना तू सांगायला जाऊ नकोस. त्याच्या तोंडून कळू दे, तेही लोन कसं फेडणार हे ठरल्यावर. आणि ठरवूनही त्याला थांबता येत नसेल, झोप उडाली असेल, लपवाछपवी वाढली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो तयार नसेल तर आधी तू कर.