लाडक्या बहिणीचे पंधराशे: शेळ्या, सावकार की ऊसतोड?

प्रश्न : आम्ही भूम तालुक्यातले. दोन एकर कोरडवाहू जमीन, सासूबाईंच्या नावावर. दरवर्षी दिवाळीनंतर मी आणि मालक ऊसतोडीला जातो, मुलं सासूबाईंजवळ राहतात. गेल्या हंगामात मुकादमाकडून ८० हजार उचल (आगाऊ पैसे) घेतली होती, त्यातले ९ हजार फिटले नाहीत. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी गावातून शेकडा तीनने काढलेले २० हजार तसेच आहेत, फक्त व्याज भरतो. लाडकी बहीणचे पैसे मी शक्यतो मोडले नाहीत, खात्यात १८ हजार जमलेत. यंदा मुलगी दहावीला आहे, मला घरी थांबायचंय. फायनान्सवाला म्हणतो, गटातून ४० हजार घ्या, चार शेळ्या बांधा, महिना २१०० हप्ता, दोन वर्षं. पंधराशे सरकार देतंय, वर सहाशेच घालायचे. नणंद म्हणते, मुलीच्या नावाने पोस्टात आरडी काढ. मालक म्हणतात, फुकटचा पैसा टिकत नसतो. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मालकांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घरातले बाकीचे निर्णय त्याच्यावर अडलेत असं मला वाटतं. गरिबाच्या हातात थेट पैसा दिला तर तो उधळला जातो का, हे पुष्कळदा तपासून झालंय. मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूच्या काही गावांत ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून वर्ष-दीड वर्ष प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. अट कुठलीच नव्हती. लोकांनी कर्जं कमी केली, जनावरं घेतली, दुसऱ्याच्या बांधावर जाण्याऐवजी स्वतःच्या रानात जास्त राबले. केनियातल्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. ज्यांना दरमहा थोडे थोडे पैसे मिळाले त्यांच्या घरात खाण्यापिण्याची ओढाताण कमी झाली. ज्यांना एकरकमी मिळाले त्यांनी घरावर पत्रे घालण्यासारखी टिकाऊ कामं केली.

तुमच्याकडे दोन्ही आहे. साठलेले १८ हजार ही एकरकमी रक्कम, आणि दरमहाचे पंधराशे. माझं म्हणणं एवढंच, की या दोन पैशांची कामं वेगळी ठेवा आणि दरमहाच्या पैशाला कुठल्याही कर्जाचा हप्ता बांधू नका.

म्हणून गटाचं कर्ज नको. २१०० प्रमाणे दोन वर्षांत तुम्ही ५० हजार ४०० भरणार, म्हणजे १० हजारांवर व्याज. पण खरा धोका व्याजात नाही. पंधराशे हा पगार नव्हे. जुलै २०२४ पासून योजना चालू आहे, २०२५-२६ साठी राज्याने तिच्यावर ३६ हजार कोटींची तरतूद केली. एवढा मोठा खर्च असला की निकष तपासले जातात, हप्ते मागेपुढे होतात. २०२५ च्या छाननीत लाखो बायकांचा लाभ थांबला, मग ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) सक्तीची झाली. उद्या तुमचा एक हप्ता लांबला तर फायनान्सवाला थांबणार नाही. तुमचा हप्ता गटावर पडतो, म्हणून गटातल्या बाकीच्या बायका दारात येतील, त्याच तुमच्या रोजच्या शेजारणी. दोन वर्षं तो ताण डोक्यावर घेऊन शेळ्या पाळणं मला मान्य नाही. ज्या पैशाने तुम्हाला जरा मान वर करता आली, तोच तारण म्हणून मागितला जातोय, हे पाहून वाईट वाटतं.

पोस्टातली आरडी चांगली, पण आत्ता नको. तिथे वर्षाला सात टक्क्यांच्या आत मिळेल आणि इकडे शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के जातायत. २० हजारांवर दरमहा ६०० रुपये. वर्षभरात ७२०० देऊनही मुद्दल जागचं हललं नाही. १८ पैकी १२ हजार आजच मुद्दलात भरा. मग ८ हजार उरतात आणि व्याज ६०० वरून २४० वर येतं. दरमहा ३६० रुपये वाचवून देणारी दुसरी कुठलीही गुंतवणूक मला माहीत नाही.

मात्र भरताना एकट्या जाऊ नका. दोन माणसं सोबत घ्या, मुद्दलात १२ हजार जमा, बाकी ८ हजार, असं तारखेसह लिहून सही घ्या. मुद्दल तुकड्यात घेणार नाही, असं काही सावकार म्हणतात. कारण व्याज चालू राहण्यातच त्यांचा फायदा. तसं झालं तर त्यांच्याकडे परवाना आहे का, हे विचारा. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देता येत नाहीत आणि तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. नुसत्या त्या उल्लेखानेही बोलणं बरंच मऊ होतं.

आता ऊसतोड. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

तुम्हा दोघांचा कोयता (तोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) गेल्या वर्षी ८० हजार उचलीवर ९ हजार बाकी ठेवून आला, म्हणजे दोघांनी मिळून ७१ हजारांची तोड केली. तुम्ही थांबलात आणि मालक एकटेच अर्ध्या कोयत्यावर गेले तर ढोबळमानाने ३५ हजार कमी होतील. हा खड्डा लहान नाही. गावात निंदणी, तुरीची कापणी, हरभरा, असं महिन्याला बारा दिवस ३०० रुपयांनी काम मिळालं तर पाच महिन्यांत १८ हजार होतात. मजुरीचा दर तुमच्याकडे वेगळा असेल तर तो धरा. पंधराशेचे पाच हप्ते साडेसात हजार. गेल्या वर्षी ते बाजूला पडले, यंदा ते चुलीला लागू द्या. वाचलेलं व्याज १८००. तरीही साडेसात-आठ हजारांची तूट राहतेच. रेशनचं धान्य २०२३ पासून फुकट आहे, मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, म्हणून ती झेपेल असं मला वाटतं. आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन तोडीच्या शेवटच्या टप्प्यात येते. आई घरी नसली की सकाळचं पाणी, स्वयंपाक, धाकटा भाऊ आणि आजारी आजी हे सगळं त्या मुलीच्या अंगावर पडतं. तुम्हाला थांबावंसं वाटतं ते बरोबरच आहे. थांबा.

फक्त मुकादमाशी बोलताना एक पाळा. उचल अर्ध्या कोयत्याचीच घ्या, आणि त्यातून जुने ९ हजार आधी वळते करायला सांगा. जास्त देतो म्हणाला तरी नको. पुढच्या वर्षी दोघांनी यायचं, या बोलीवर तर नकोच नको. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाला काय दर धरलाय, हेही मालकांनी आधीच स्पष्ट करून घ्यावं. सोसवत नसताना घेतलेली मोठी उचलच पुढच्या वर्षी माणसाला परत उसाच्या फडात ओढते. यंदा १८ हजार जवळ आहेत म्हणून तुम्ही कमी घेऊ शकता. या पैशाचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच दिसतो.

खात्यात उरलेल्या ६ हजारांना हात लावायचा नाही, दोन अपवाद सोडून. पहिला विम्याचा. बँकेत जाऊन दोघांच्या नावाने जीवनज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (२० रुपये) सुरू करा. दोघांचे मिळून ९१२ होतात. प्रत्येकाला मृत्यूनंतर घरच्यांसाठी २ लाखांचं आणि अपघाती मृत्यूसाठी आणखी २ लाखांचं संरक्षण मिळतं. फडावर विंचूकाटा असतो, रात्रीच्या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा प्रवास असतो. मालक निघण्याआधी हे झालंच पाहिजे. दुसरा अपवाद दवाखान्याचा, पण तिथेही आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय शोधा. रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पात्र रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्यालाच भेटायचं. सासूबाईंसाठी पुन्हा शेकडा तीनने पैसे काढायची वेळ येऊ नये, ही माझी मनापासून इच्छा आहे.

किसान सन्मानचे हप्ते सासूबाईंच्या खात्यात येत असतील तर ते पेरणीलाच राहू द्या, त्यात घरखर्च मिसळू नका.

आणि शेळ्या? घ्यायच्याच, पण चार नाही आणि कर्जाने नाही. तुमच्या भागातली उस्मानाबादी शेळी काटक असते, बहुतेक वेळा जुळी करडं देते. पण चार शेळ्यांचा चारा, त्यांच्यामागे हिंडायला एक माणूस आणि रोगराई हे सगळं पहिल्याच वर्षी पेलायला अवघड जातं. यंदा तुम्ही गावातच आहात, तर कुणाची एक गाभण शेळी निम्म्याने सांभाळायला मागा. शेळी ज्याची त्याचीच, करडं अर्धी अर्धी. पैसा न घालता वर्षभराच्या आत एखादं करडू तुमचं होईल, आणि तुम्हाला हे जमतंय की नाही तेही कळेल. पावसाळ्यापूर्वी जनावरांच्या दवाखान्यात आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांच्या लसी चुकवू नका. एका साथीत अख्खा कळप गेलेली घरं तुमच्याच तालुक्यात सापडतील. विकतची शेळी मात्र ते उरलेले ८ हजार फिटल्यावर.

ई-केवायसी झाली नसेल तर मुदत उरली आहे का ते पाहा आणि सरकारी संकेतस्थळावरच करा. तुमच्या आधारसोबत मालकांचंही लागतं, म्हणून ते फडावर जायच्या आत उरका. ओटीपी कुणालाही सांगू नका, गावातल्या ओळखीच्या माणसालाही नाही. मालक होळीच्या सुमाराला परततील, तेव्हा मुकादमाचा हिशेब कागदावर मागून घ्या आणि आकडे मला कळवा. सावकाराचे ८ हजार एका दमात फेडायचे की दोन टप्प्यांत, हे तेव्हा ठरवू.