फ्रेमवर्क मेलं नाहीये, मिटलं असेल

तुम्ही विचारलंय की लांब, वाकणारा लिंकर (मेटलना जोडणारा सेंद्रिय रेणू) घेऊन झिंकचं फ्रेमवर्क (एमओएफ, म्हणजे मेटल आणि लिंकरची बारीक पोकळ्यांची जाळी) केलं, क्रिस्टल मस्त आले, पण व्हॅक्यूमला सुकवल्यावर नायट्रोजन आत जातच नाही, तर आता तो लिंकर सोडून देऊ का?

इतक्यात नको. ती पावडर त्याच सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवा आणि परत एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना दाखवणारा आलेख) काढा, जुने पीक आले तर फ्रेमवर्क नुसतं मिटलेलं होतं, नाही आले तर बहुतेक कोसळलंय. आणि ७७ केल्विनच्या नायट्रोजनवर थांबू नका हो, १९५ केल्विनला कार्बन डायऑक्साइड देऊन बघा. ठरावीक प्रेशरला आयसोथर्म (कुठल्या प्रेशरला किती वायू आत गेला त्याचा आलेख) एकदम वर उडाला आणि उतरताना दुसऱ्याच वाटेने आला तर गेट उघडतंय, म्हणजे मिटलेलं फ्रेमवर्क वायूने उघडतंय असं समजा.

आता डिझाइनचं. लवचिकपणासाठी लिंकरच वाकला पाहिजे असं काही नाही. गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगमधल्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा आठवा, त्याची एकही पट्टी वाकत नाही, फिरतात ते रिव्हेट, आणि अख्खा दरवाजा मिटतो. मिल-५३ नावाचं फ्रेमवर्क तसंच आहे, त्यातला टेरेफ्थॅलेट हा लिंकर चांगला ताठ, बिजागरी असते त्याच्या टोकाचा कार्बोक्झिलेट मेटलला जोडतो तिथे. अ‍ॅल्युमिनियमवाल्यात पाणी शिरलं की ते हायड्रोजन बाँडने भिंती जवळ ओढतं आणि पोअर (पोकळ्या) मिटतात, तापवून पाणी काढलं की परत उघडतात. लोखंडवालं मात्र सुकवल्यावरही मिटलेलंच राहतं. व्हॅनेडियमच्या मिल-४७ मध्ये मेटलच्या साखळीवर ओएच नाही, नुसता ऑक्सिजन (ऑक्सो) आहे, ते तर पाण्याने मिटतच नाही. ढाचा तोच, फक्त मेटल बदलला! म्हणून सांगतो, लिंकर लांब करत बसण्याआधी मेटल बदलून बघा, आणि मिटलेल्या अवस्थेत फ्रेमवर्कला धरून ठेवणारं काय आहे, हायड्रोजन बाँड की लिंकरच्या रिंगवर बसलेली रिंग, हे कागदावर काढा. दोन्ही अवस्था टिकाऊ हव्यात, नाहीतर एकदा मिटलेलं उघडणार नाही.

खलात जास्त घोटू पण नका, क्रिस्टलच्या साइजनेही वागणं बदलतं, डीयूटी-८ या फ्रेमवर्कचे निकेलवाले बारीक क्रिस्टल उघडेच राहतात, मोठे मिटतात.

आणि मुंबईच्या पावसात सुकवलेली वायल उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. जुलैत माझं अ‍ॅल्युमिनियमचं सॅम्पल असंच राहिलं, एक्सआरडीत उघड्या आणि मिटलेल्या दोन्ही फेजचे पीक एकत्र आले आणि आठवडाभर मी सिंथेसिसमध्ये चूक शोधत होतो. सॅम्पल सीलबंद होल्डरमध्येच न्या.