पिल्लू दिसलं की राग कुठे जातो?

प्रश्न : आमच्या सासूबाई मांजरीला झाडूनं हाकलतात. पण माळ्यावर तिची पिल्लं सापडली, तर स्वतःच बशीत दूध घेऊन गेल्या! असं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सासूबाईंचा इलाज नाही. मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, टपोरे डोळे, गुबगुबीत गाल : ही बाळाची लक्षणं पाहून आपण विरघळतो, असं ऑस्ट्रियाचे प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. माणसाचं बाळ कित्येक वर्षं परावलंबी. त्याचा लळा लागलाच नाही तर ते जगणार कसं? ही ओढ इतकी भोळी, की मांजराचं पिल्लूही तिला चालतं. मी तर जत्रेतून मोठ्या डोळ्यांचं कापडी घुबड आणलं. घुबड! बायको अजून ऐकवते. आणि हो, पिल्लांना गाईचं दूध नको, पोट बिघडतं.