कम्युनिटी कॉलेजमधून बायोटेकमध्ये शिरताना

कॅलिफोर्नियात, बे एरियात किंवा सॅन डिएगोत राहत असाल आणि भारतातली बीएस्सी हाताशी असेल, तर दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीत अडकू नका. बायोटेक कंपनीत पहिली नोकरी मिळवायला कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक सरकारी कॉलेजचा) लॅबचा सर्टिफिकेट कोर्स बहुधा पुरतो. एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण ईएडीशिवाय, म्हणजे काम करण्याच्या परवान्याशिवाय, पगारी इंटर्नशिपसुद्धा करता येत नाही, हे फी भरण्याआधीच लक्षात घ्या.

कोर्स निवडताना प्रत्यक्ष लॅबचे तास किती, ते विचारा. पिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन) हातात बसायला हवं: द्रव ओढताना त्याचं बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. ओढतानाच दुसरा थांबा गाठला की द्रव जास्त येतो, नवशिक्यांची ही हमखास चूक. पडताळायला १०० मायक्रोलिटर पाणी अचूक वजनकाट्यावर दहा वेळा तोला. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं.

नोंदी पेनानेच करा. चूक खोडताना एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. जीएमपी (औषधनिर्मितीतले दर्जाचे नियम) पाळणाऱ्या कारखान्यात व्हाइटनर चालतच नाही.

पहिली नोकरी बऱ्याचदा उत्पादन विभागात, कंत्राटी आणि पाळ्यांची असते. (घरी लहान मूल असेल तर रात्रपाळीचा विचार आधीच करा.) संशोधनच करायचं असेल, तर नुसतं सर्टिफिकेट पुरणार नाही.